नॉर्मल झाली, म्हणजे नेमकं काय झालं?

लेकीला विचारून लिहितेय. नवऱ्यालाही विचारलं. तो म्हणाला, "मला काय विचारतेस, सोसलं तू." लेक म्हणाली, "लिही, पण माझा फोटो टाकू नकोस." तर फोटो नाही. पोस्ट लांबलचक आहे आणि विषय असा आहे की काही जणांना वाटेल, हे चारचौघांत बोलायचं असतं का? मलाही इतकी वर्षं तसंच वाटत होतं. म्हणून तर गप्प होते.

आधी आत्ताचं सांगते. दोन महिन्यांपूर्वी आमच्या पेपरला भागातल्या एका सरकारी दवाखान्याची प्रेसनोट आली. महिनाभरात इतक्या प्रसूती, त्यात इतक्या नॉर्मल, सर्व स्टाफचं कौतुक, सोबत फोटो. मी दोन वाक्यं इकडची तिकडं केली, हेडिंग दिलं आणि बातमी सोडली. वीस वर्षांत अशा कितीतरी सोडल्यात.

तिसऱ्या दिवशी एका बाईचा फोन. आवाज अगदी हळू, बहुतेक तोंडावर पदर धरून बोलत होती. "ताई, ती डिलिव्हरीची बातमी तुम्ही लिहिली का?" मी हो म्हणलं. "त्यातली एक मी आहे. तुम्ही नॉर्मल लिहिलंय. पण मला बसता येत नाही ताई. अकरा दिवस झाले. टाक्यांना वास यायलाय."

घरात कुणाला सांगितलं का, असं विचारलं. सासूला सांगितलं होतं. सासू म्हणाली होती, टाके दुखणारच, सगळ्या बायकांचे दुखतात, आम्ही काय पोरं जन्माला घातली नाहीत का. नवऱ्याला सांगायची लाज वाटत होती. ताप होता, पण तो दूध साठल्यामुळं असेल म्हणून सोडून दिलेलं.

मी तिला म्हणलं, "आज जायचं. उद्या नाही, आज." आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ तशीच बसून राहिले. कारण ही बाई जे बोलली ते 2006 साली मी कुणाला तरी बोलायला पाहिजे होतं.

आता माझं.

2006. मराठवाड्यातला उन्हाळा आणि लोडशेडिंग. ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांना वेगळं सांगायला नको, दिवसातले दहा-बारा तास वीज नसायची. माझं पहिलं बाळंतपण, तालुक्याच्या गावातलं एक खाजगी हॉस्पिटल. नाव लिहिणार नाही, डॉक्टर वाईट नव्हते. रात्री दोन वाजता कळा जोरात आल्या आणि अडीचला लाइट गेली. जनरेटर सुरू होईना. चार्जिंगचा दिवा मावशीनं हातात धरला होता. बाळाचे ठोके कमी होतायत म्हणून चिमटा लावला, त्याआधी खाली कट दिला. मला कळलं ते एवढंच की कुणीतरी "थोडं कापावं लागेल" म्हणालं. बाळ बाहेर आलं, रडलं. सगळे खूश. मीही.

मग टाके. त्याच दिव्याच्या उजेडात. बधिर करायचं इंजेक्शन दिलं होतं, पण अर्ध्या टाक्यांना ते लागूच नव्हतं. मी ओरडले तर सिस्टर म्हणाली, "बाळ झालं ना आता, एवढं काय?" सकाळी डॉक्टर राउंडला आले, हसून म्हणाले, "नॉर्मल झाली, नशीबवान आहात." कार्डावरही तेच. नॉर्मल, मुलगी, 2 किलो 900.

ते टाके कशाचे होते, किती खोल होते, हे कार्डावर नव्हतं. मला विचारायचं सुचलं नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा केलेली बाई मी, कलेक्टरला उलटे प्रश्न विचारणारी.

घरी आले. आई आणि सासूबाई दोघींनी जिवापाड केलं, त्यात खोट नाही. डिंकाचे लाडू, अळीवाची खीर, मालिश, बाजेखाली शेगडी, शेपा-ओव्याची धुरी. पण पाणी मोजून. "पोट सुटतं, बाळाला सर्दी होते." दूध पाजणारी बाई, मे महिना आणि दिवसाला चार पेले पाणी. व्हायचं तेच झालं, पोट साफ होईना. संडासात उकिडवं बसायचं म्हणजे टाके उसवणार या भीतीनं घाम फुटायचा. शेगडीच्या धगीनं खालची जागा चुरचुरायची ती वेगळीच.

तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की मला गॅस धरता येत नाही. आधी वाटलं, अशक्तपणा. मग एक दिवस शी पण धरता आली नाही. बाळाचं बारसं होतं, घर पाहुण्यांनी भरलेलं. मी न्हाणीघरात साडी धुतली आणि बाहेर येऊन सांगितलं की बाळानं शी केली.

बाळानं शी केली. पुढं चार वर्षं मी हेच सांगत आले.

त्या चार वर्षांत मी काय काय सोडलं ते ऐका. स्कूटीवर चाळीस-चाळीस किलोमीटर फिरून बातम्या आणायचे, ते सोडलं. एसटीनं लांबचा प्रवास सोडला, कारण मध्ये संडास कुठं मिळणार. मोर्चे, सभा, दिवसभराची अधिवेशनं सोडली. संपादकांना सांगितलं, बाळ लहान आहे, डेस्कवर द्या. ऑफिसात बोललं गेलं, बाई लेकरू झाल्यावर थंड पडली. लग्नाच्या पंगतीत बसायचं टाळलं. नवऱ्याला जवळ येऊ देत नव्हते, तो बिचारा समजायचा की माझं त्याच्यावरून मन उडालं. आणि वर्षातून चार वेळा कुणीतरी विचारायचं, "दुसरं कधी?" आमची एकच मुलगी का, हे ज्यांना ज्यांना आजवर विचारावंसं वाटलं, त्यांना आज उत्तर मिळालं.

2010 मध्ये एका मेडिकल कॉलेजात महिला आरोग्याचं शिबिर होतं, मी बातमीला गेले होते. तिथल्या एक सर्जन मॅडम बोलल्या की बाळंतपणात मागच्या दाराचा स्नायू फाटतो आणि ते बायका वर्षानुवर्षं लपवतात. कार्यक्रम संपल्यावर मी वही काढून गेले. म्हणलं, "मॅडम, माझ्या एका मैत्रिणीला असं होतंय, बातमीसाठी माहिती पाहिजे." त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "मैत्रिणीला आत घेऊन या. मी दार लावते."

मी आत गेले आणि रडले. चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ती जागा नीट तपासली.

त्यांनी मला जे समजावलं ते मी पुढं बरंच वाचून पडताळलं. तुम्हाला साध्या भाषेत सांगते, कारण हे आपल्याला कुणी सांगतच नाही.

बाळ खालून येताना योनी आणि गुदद्वार यांच्यामधली जागा ताणते. पहिलटकरणीची बऱ्याचदा फाटते किंवा डॉक्टर कात्रीनं कट देतात. फाटण्याच्या चार पायऱ्या आहेत. पहिली, नुसती कातडी. दुसरी, आतले स्नायू. डॉक्टर देतात तो कट या पायरीचा असतो. तिसरी, गुदद्वाराभोवतीचा गोल स्नायू, जो गॅस आणि शी धरून ठेवतो. चौथी, त्याच्याही आतलं आतड्याचं अस्तर. पहिल्या दोन पायऱ्या खूप जणींना होतात आणि नीट शिवल्या तर काही आठवड्यांत भरून येतात. तिसरी-चौथी कमी जणींना होते, पण ती ओळखली नाही तर आयुष्य बदलतं. चिमटा लावला, बाळ मोठं असलं, पहिलंच बाळंतपण असलं की ती व्हायची शक्यता वाढते.

ओळखायची कशी? चांगला उजेड, आणि टाके घालण्याआधी एकदा व घातल्यानंतर एकदा गुदद्वारातून बोट घालून तपासणी. बस्स. यात काही महागाचं मशीन नाही. तिसऱ्या-चौथ्या पायरीची फाट असेल तर ती लेबर टेबलावर घाईत शिवायची नसते. ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन, कमरेत भूल देऊन, हे काम येणाऱ्या डॉक्टरनं थर-थर वेगळा शिवायचा असतो. मग अँटिबायोटिक आणि शी पातळ ठेवायचं औषध. असं वेळेवर नीट झालं तर दहातल्या सहा ते आठ बायकांना वर्षभरानंतर काही त्रास राहत नाही.

माझ्या वेळी कट दिला, चिमट्यानं तो आणखी फाटत त्या गोल स्नायूपर्यंत गेला, आणि चार्जिंगच्या दिव्यात वरची कातडी शिवली गेली. आतला स्नायू तुटलेलाच राहिला. मॅडम म्हणाल्या, रबरबँड तुटल्यावर दोन्ही टोकं मागं सरकतात ना, तसं झालंय.

ऑपरेशन झालं. जुन्या व्रणातून ती दोन टोकं शोधली, एकमेकांवर चढवून शिवली. सहा दिवस दवाखान्यात. आधी पातळ खाणं, मग लॅक्टुलोजचं गोड औषध, दिवसातून तीन वेळा कोमट पाण्याच्या टबात बसणं. पहिल्या शी-ची इतकी भीती बाळंतपणाची पण वाटली नव्हती. तीन महिने जड उचलायचं नाही. आणि खालचे स्नायू आवळायचे व्यायाम, ते आजही करते. शंभर टक्के बरी झाले का? नाही. जुलाब लागले की अजूनही घराबाहेर पडत नाही. गॅस कधीकधी दगा देतो. पण मी एसटीत बसते, मोर्चाला जाते. दुसरं मूल झालंच तर सिझर करा असं मॅडमनी लिहून दिलं होतं, पण तोवर माझ्यात धीर उरला नव्हता.

आता काही जण म्हणतील, मग कट देणंच बंद करा. तसं नाही. बाळ अडचणीत असेल, चिमटा किंवा व्हॅक्यूम लावायचा असेल तर कट बाळाचा जीव वाचवू शकतो. प्रश्न आहे तो सरसकट देण्याचा. पहिलटकरीण आली की कात्री, असं कित्येक ठिकाणी चालायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय की आपोआप होणाऱ्या प्रसूतीत सरसकट कट देऊ नये. गरज असेल तरच कट दिला तर गंभीर फाटण्याचं प्रमाण कमी होतं, हे अभ्यासांतून दिसलंय. द्यायचाच तर सरळ खाली नाही, बाजूला तिरका, साधारण 60 अंशात, म्हणजे तो गुदद्वाराकडं जात नाही. डोकं बाहेर येताना गरम पाण्याच्या घडीचा शेक, हातानं खालून आधार, जोर सावकाश लावायला सांगणं, यानंही फाटणं कमी होतं. पण त्याला वेळ आणि माणसं लागतात. रात्रपाळीला एक सिस्टर आणि एकाच वेळी तीन बाया असतील तर ती बिचारी कुणाकुणाच्या पाठीशी उभी राहणार? हे पण लिहिलं पाहिजे. नुसतं सिस्टरला शिव्या घालून काही होत नाही.

आणखी एक घाण गोष्ट. टाके घालताना "एक टाका जास्त घालू का, नवरा खूश होईल" असला विनोद मी माझ्या कानांनी ऐकलाय, माझ्या नाही, शेजारच्या टेबलावरच्या बाईच्या वेळी. जास्तीच्या टाक्यानं कुणी खूश होत नाही. ती बाई पुढं वेदनेत राहते, एवढंच.

ज्यांच्या घरी आत्ता बाळंतीण आहे किंवा व्हायचीय, त्यांच्यासाठी:

1. सुट्टी व्हायच्या आधी विचारा: टाके पडले का? कट होता की फाटलं? कितव्या पायरीचं? मागचा स्नायू ठीक आहे का? कार्डावर लिहून मागा. सरकारी दवाखान्यात नॉर्मल प्रसूतीनंतर 48 तास राहता येतं आणि जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात औषधं, जेवण, घरी सोडायची गाडी मोफत आहे. घाईनं निघू नका.

2. पहिले दोन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं ठेवला तर सूज उतरते. थेट कातडीवर नको. पुढं दिवसातून दोन-तीन वेळा स्वच्छ टबात कोमट पाणी घेऊन दहा मिनिटं बसायचं, मग जागा टिपून कोरडी करायची. घासायची नाही.

3. धुताना पुढून मागं. पॅड चार तासांनी बदलायचं, कमी रक्त असलं तरी.

4. पाणी भरपूर. पालेभाजी, फळं, लागलं तर इसबगोल. पाणी पिल्यानं पोट सुटत नाही आणि बाळाला सर्दी होत नाही. कुंथायची वेळ येऊ द्यायची नाही, टाक्यांना खरा धोका त्याचा आहे.

5. शेगडी, धुरी त्या जागेला नको. हळद, तेल, राख काही भरायचं नाही. मालिश करायची तर हातापायांची करा.

6. टाके बहुतेक आपोआप विरघळतात, दोऱ्याचा तुकडा पडला तर घाबरू नका. दुखण्यावर पॅरासिटामॉल दूध पाजतानाही चालतं, डॉक्टरांना विचारून घ्या. कुशीवर झोपून पाजलं तर टाक्यांवर भार येत नाही.

7. दुखणं थोडं कमी झालं की व्यायाम. गॅस अडवताना जसं आवळतो तसं आवळायचं, जमेल तितकं धरायचं, पुढं दहा आकड्यांपर्यंत, मग सोडायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. बाळाला पाजताना करा, कुणाला कळतही नाही.

8. ताप, पू, घाण वास, टाके उघडणं, दुखणं रोज कमी व्हायच्या ऐवजी वाढणं, गॅस किंवा शी न धरता येणं, योनीतून शी येणं. यातलं एक जरी असलं तरी त्याच दिवशी दवाखाना. सव्वा महिना संपायची वाट बघायची नाही.

9. नवरे मंडळी, संबंधांची घाई नको. जखम भरली, अंगावरून जायचं थांबलं, आणि ती स्वतः हो म्हणाली, तेव्हाच. दुखलं तर थांबायचं आणि डॉक्टरला दाखवायचं.

आता सार्वजनिक गोष्ट, कारण मी शेवटी पत्रकार आहे.

2005-06 मध्ये देशात शंभरातली जेमतेम 39 बाळंतपणं दवाखान्यात व्हायची. 2019-21 च्या पाहणीत हा आकडा 88 च्या वर गेला. जननी सुरक्षा योजनेनं, आशाताईंनी, 108 आणि 102 च्या गाड्यांनी हे केलं. मोठं काम आहे. बाया मरायच्या त्या वाचल्या. पण आता ती जिवंत बाहेर पडली की आपण आकडा लावतो आणि फाइल मिटवतो. लेबर रूम सुधारायला 2017 मध्ये 'लक्ष्य' कार्यक्रम आला, त्यात बाईला सन्मानानं वागवण्याचंही म्हणलंय. चांगलंच आहे. पण माझ्यासमोर आजवर आलेल्या एकाही प्रेसनोटमध्ये मी हे वाचलं नाही की किती जणींना कट दिला, किती जणींना तिसऱ्या-चौथ्या पायरीची फाट झाली आणि त्यातल्या किती बऱ्या झाल्या.

आशाताई बाळ बघायला सव्वा महिन्यात सहा वेळा घरी येते. बाळाचं वजन करते, ताप बघते, आईलाही चार प्रश्न विचारते. त्यात एक प्रश्न वाढवा, "बाई, तुला गॅस आणि शी धरता येते का?" कागदावर एक रकाना, खर्च शून्य. मला 2006 साली हे कुणी विचारलं असतं तर चार वर्षं वाचली असती.

2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या राज्यभर गाजल्या. तेव्हा मीही काही तांड्यांवर फिरले होते. एक गोष्ट तेव्हा ऐकली ती विसरले नाही. बाळंत झाल्यावर विसाव्या दिवशी कोयता हातात घेतलेली बाई म्हणाली, "टाके वाळायच्या आधी मोळी उचलली बाई." अशा बाईला मी वर लिहिलेलं टब आणि कोमट पाणी कुठून मिळणार? माझ्याकडं याचं उत्तर नाही. पण आराम हा बाळंतिणीचा लाड नाही, तो उपचार आहे, एवढं तरी मुकादम आणि कारखान्यांच्या कानावर पडू दे.

त्या फोन करणाऱ्या बाईचं सांगते. तिच्या परवानगीनं. ती त्याच दिवशी गेली. नवऱ्याला मीच फोन केला होता, मग तो घेऊन गेला. टाक्यांमध्ये पू झाला होता, जखम उघडून धुतली, अँटिबायोटिक दिलं आणि जागा स्वच्छ झाल्यावर पुन्हा शिवली. मागचा स्नायू शाबूत होता. परवा तिचा फोन आला, आवाज मोठा होता, मागं बाळ रडत होतं. म्हणाली, "ताई, मी मांडी घालून बसलेय."

पुढच्या प्रेसनोटला मी दोन प्रश्न विचारणार आहे, कट किती आणि मोठ्या फाटी किती. उत्तर आलं तर छापीन, नाही आलं तर तेही छापीन. रुग्ण कल्याण समितीत असलेल्या मंडळींनी बैठकीत विचारलं तर आणखी बरं. लेबर रूममध्ये चांगला दिवा आहे का आणि इन्व्हर्टर चालू आहे का, हे पण बघून या.

ज्या बायांना हा त्रास आहे आणि कमेंटमध्ये लिहायचं नाही, त्यांनी इनबॉक्स करा. मी डॉक्टर नाही, औषध सांगणार नाही. पण कुठं जायचं ते सांगीन, आणि लागलं तर सोबत येईन. "मैत्रिणीसाठी विचारतेय" असं म्हणलं तरी चालेल.